मोकळ्या पुस्तकाचा धारक

दत्तप्रसाद अष्टेकरांना यातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कुणी त्यांना साधू समजणार नाही आणि चोरही. पैसा नव्हता. त्या बाबतीत माणूस धुतल्या तांदळासारखा. मिळणार होता तो बसस्थानकासमोरच्या चौकात 'वाचतं गाव' असा फलक, त्याखाली पुस्तक-समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव, अनावरणाच्या दिवशी मधली खुर्ची, आणि शेजारच्या पेठ कासार गावातल्या मंडळींची पडलेली तोंडं. या शेवटच्या लाभासाठी अष्टेकरांनी बाकीचे सगळे आनंदानं सोडले असते.

मूळ कल्पना साधीच होती. आपलं वाचून झालेलं पुस्तक बागेत, दवाखान्यासमोर, बसस्थानकावर ठेवून द्यायचं. अनोळखी माणसानं ते उचलायचं, वाचायचं आणि पुढे ठेवायचं. अष्टेकरांच्या गावात, माळवंडीत, याला 'मोकळी पुस्तकं' म्हणत आणि ती ओळखू यावीत म्हणून पानांच्या कडा हळदीच्या रंगानं रंगवत. पहिल्या वर्षी पुस्तकं गेली ती गेलीच. काही रद्दीत सापडली, बरीचशी पेठ कासारात. मग नगरपरिषदेनं स्पर्शजिल्द आणली.

स्पर्शजिल्द म्हणजे मुखपृष्ठावर चढवलेला, कांद्याच्या सालीइतका पातळ पापुद्रा. त्याला बॅटरी लागत नसे. हाताच्या उबेवर तो जागा होई. पुस्तक हातात धरून कुणी पानभर वाचलं, की तो बोटं ओळखे आणि नगरपरिषदेला कळवे, की पुस्तक आता अमक्याकडे आहे. तो माणूस त्या पुस्तकाचा 'धारक'. हात निघाले, की पापुद्रा पुन्हा झोपी जाई. बोटं ओळखण्यात आता नवल उरलं नव्हतं. रेशन, घराचं कुलूप, बसचं दार, मोटारीचा पट्टा, सगळंच एका बोटनोंदीवर उघडत होतं आणि मिटत होतं.

ते मिटतं कसं, हे अष्टेकरांना मंगळवारी सकाळी पुण्याच्या बसपाशी कळलं.

"काका, बोट पुसून लावा," ड्रायव्हर आतून म्हणाला.

अष्टेकरांनी बोट सदऱ्याला पुसून पुन्हा लावलं. दार उघडलं नाही. दारावरच्या पट्टीवर अक्षरं सरकली : 'आपल्या नावे मोकळे पुस्तक आहे. कृपया ते पुढील वाचकास द्यावे. प्रवास सुखाचा होवो.' पुस्तक पुढे गेल्याशिवाय धारकानं गावाची हद्द सोडायची नाही, हा ठराव अष्टेकरांचाच होता आणि मजकूरही. 'कृपया' तर त्यांनी आग्रहानं घालायला लावलं होतं.

"अहो अध्यक्ष, द्या की मग पुस्तक!" रांगेत मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. त्यात थोडा जुना राग होता. गेल्या महिन्यात संजय टेलर याच दारापाशी अडकला होता आणि त्याच्या मेव्हण्याचं लग्न हुकलं होतं. त्याला अष्टेकर म्हणाले होते, "मग काय झालं? वाच की तोवर."

बस गेली. अष्टेकर बसस्थानकात वळले. बाकांवर पुस्तकंच पुस्तकं होती, पिवळ्या कडांची, अगदी रांगेनं ठेवलेली. माणसं मात्र उभी होती. एक म्हातारी तेवढी बाकाच्या टोकाला, पदर आणि कोपर सावरून, शेजारी विंचू असावा तशी बसली होती. हे दृश्य अष्टेकर रोज बघत होते. आज त्यांना ते दिसलं.

नगरपरिषदेच्या संगणक विभागात रुबिना तांबोळींनी नोंद काढली. "दीपगृहवाली जाडी कादंबरी, सर. तुमच्या नावावर आहे."

"ती मी दवाखान्यासमोरच्या बाकावर ठेवली त्याला महिना झाला. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. कुणीतरी नेली ती!"

"नेली असेल. घेतली नाही. म्हणजे नोंदीत नाही."

"न घेता जाईल कशी? पाय फुटले तिला?"

"पायांची नोंद होत नाही ना सर, बोटं लागतात."

"बरं, माझं नाव काढून टाका. मालूताईचं ऑपरेशन आहे गुरुवारी. मला आज पुण्याला पोचायचंय."

तांबोळी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट बातमी चष्म्याशिवाय द्यायची त्यांची पद्धत होती. "काढायचं बटणच नाहीये. मी दोनदा विचारलं होतं तेव्हा, ठेवू का म्हणून. तुम्ही म्हणालात, बटण ठेवलं की वशिला आला. सभेत टाळ्या पडल्या होत्या, सर."

"मग मी दुसरी प्रत बाकावर ठेवतो."

"दुसरी प्रत म्हणजे दुसरं पुस्तक. आणि नुसतं ठेवून सुटका नाही, कुणी घ्यायला हवं. 'ठेवणं म्हणजे देणं नव्हे', हे तुमच्याच भाषणातलं. घेणाराही अनोळखी हवा. ज्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये, तो ओळखीचा."

"गावात माझ्या फोनमध्ये नाही असं आहे कोण?" अष्टेकरांनी समितीचा गट उघडून दाखवला. अख्खी माळवंडी त्यात होती. वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यासाठी त्यांनी मेहनतीनं जमवलेली.

"पुढची सर्वसाधारण सभा पावसाळ्यानंतर आहे," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "ठराव बदलता येईल तेव्हा."

घरी शर्वरीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून मोटारीची किल्ली घेतली. हद्दीवरच्या पुलापर्यंत दोघं गेली आणि मोटार शेळीसारखी अडून उभी राहिली. प्रत्येक पट्टा बोटनोंदीनं बंद होई, आणि अष्टेकरांचं बोट लागलेला पट्टा घेऊन मोटार हद्दीपुढे जायला तयार नव्हती. उतरून चालत पूल ओलांडायला कुणाची हरकत नव्हती; पण पलीकडे कुठलीच बस, कुठलीच रिक्षा त्यांना आत घेणार नव्हती, आणि पुणं गुडघ्यांच्या टप्प्यात नव्हतं.

"वशिला नको म्हणणारा नवरा घरात असला की बाहेर शत्रू लागत नाहीत," शर्वरी मोटार वळवताना म्हणाली.

मालूताई ही अष्टेकरांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हे चड्डीच्या वयाचे होते. तिनं वाढवलं, बाराखडी गिरवून घेतली, आणि एकूण माणसात आणलं. आता तिच्या मेंदूत, जिथून शब्द निघतात त्या जागेच्या अगदी कडेला, गाठ होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं : गाठ निघेल, जीव वाचेल, पण शब्द राहतील याची खात्री नाही. पडद्याच्या उजेडानं तिला झटके येत, कानाशी फोन धरला की आवाज डोक्यात घुमे, म्हणून तेही बंद. भाच्यानं तिचा निरोप सांगितला होता : बाळू येतोय ना? अष्टेकरांना बाळू म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

संध्याकाळी ते पुन्हा दवाखान्यासमोर गेले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हरवलेल्या वस्तूच्या जागी माणूस पुन्हा पुन्हा जातो, तसंच. आणि तिथे, माणसं भोवती उभी असताना, एक मुलगी बाकावर ऐसपैस बसून वाचत होती. पुस्तकाला कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं, गुळगुळीत आणि जाड. तारखांच्या चौकोनांत कुणीतरी पेनानं 'दूध नाही' असं लिहिलेलं. आणि खालून पानांची हळदी कड डोकावत होती.

"कुठलं पुस्तक गं?"

तिनं मान वर केली. "दीपगृहाचं आहे काका. लई भारी आहे. दुसऱ्यांदा वाचून राहिले."

तिचं नाव आरोही खिल्लारे. हिंगोलीकडची. गावातल्या आजारी सबनीस आजींच्या उशाशी बसायला तिला आणलं होतं. आजी दवाखान्यात असताना बाकावर हे पुस्तक सापडलं. आजी गेल्या, पुस्तक राहिलं.

"कव्हर कशाला घातलंस?"

"दुसऱ्याचं आहे ना, खराब झालं तर? आमच्या शाळेत कव्हर नसलं की बाई वर्गाबाहेर उभं करत. मी तर हातात आलं की आधी कव्हरच घालते."

अष्टेकरांना एकदम सगळा उलगडा झाला. पापुद्रा कॅलेंडरखाली महिनाभर गाढ झोपला होता. या मुलीनं पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि नोंदीत तिचं बोटही नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तकं लांबवणारी माणसं असतात, अशी जपणारी नसतात. तिचा विचार कुणी सभेत केलाच नव्हता. आणि तिचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नव्हता. गावात ती त्यांची एकमेव अनोळखी होती.

"आता काय करणार तू? आजी तर गेल्या."

"शुक्रवारी निघायचं ना. नर्सिंगला नंबर लागला माझा." हे सांगताना तिनं पुस्तक छातीशी धरलं. "शनिवारी हजर व्हायचंय. नाही झालं तर पुढच्या मुलीला बोलावतेत. ती वाटच बघून राहिली असेल, माझं काहीतरी बिघडायची."

इथे अष्टेकरांनी जो हिशेब केला, तो कागदावर अगदी चोख होता. पुस्तक आता हिच्या नावावर गेलं, तर आपण आजच निघतो. ताईला भेटतो. शुक्रवारी सकाळी परत येऊन हिच्याकडून आपणच पुस्तक घेतो. आपण तर हिचे अनोळखीच. दुपारच्या बसनं ही जाते. कुणाचं काही बुडत नाही. प्रश्न एवढाच, की हे तिला सांगून का केलं नाही? कारण विचारलं असतं, तर तिला नाही म्हणता आलं असतं.

"हे कव्हर फाटत आलंय बघ," ते म्हणाले. "काढ, मी ब्राऊन पेपरचं घालून देतो. आणि एक पान वाचून दाखवतेस? चष्मा घरी राहिला." चष्मा खिशात होता.

तिनं कव्हर काढलं, नीट घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि दोन्ही हातांनी पुस्तक धरून वाचायला लागली. दीपगृहवाल्याची बायको रोज दिवा लावते, पण तिला एकही जहाज जवळून दिसत नाही, असा तो भाग होता. मुलगी चांगली वाचत होती. संवाद आले की आवाज बदलत होती, आणि मधूनच, आवडतंय ना, अशा नजरेनं त्यांच्याकडे बघत होती. पान संपायच्या आत अष्टेकरांच्या खिशात फोन थरथरला. काढून पाहायची गरज नव्हती. ते सुटले होते.

सुटलेल्या माणसाला उदार होणं सोपं जातं. कव्हर घालून झाल्यावर अष्टेकर म्हणाले, "गावात कुणी नाही तुझं. काही अडचण आली तर मला फोन कर." त्यांनी नंबर सांगितला. तिनं 'पुस्तकवाले काका' म्हणून लिहून घेतला आणि रीतीप्रमाणे मिस्ड कॉल दिला. त्यांनीही तिचा जपून ठेवला. आपण या पोरीचं देणं लागतो, ही जाणीव त्यांना त्या क्षणी अगदी खरी होती.

ताईची भेट झाली. तिचं डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे ती लहान मुलीसारखी दिसत होती.

"बाळू, किती जाडा झालास रे," ती म्हणाली. "शर्वरी जेवायला घालते की हवा भरते?"

मग तिनं त्यांना, त्यांचं वय विसरून, बाहेरून धावत येऊन पाय न धुता आत शिरल्याबद्दल रागावून घेतलं, आणि दमून त्यांचा हात धरून झोपली. गुरुवारी ऑपरेशन झालं. जीव वाचला. ती डोळे उघडून सगळ्यांकडे बघत होती आणि ओठ हलवत होती. त्यातून जे येत होतं त्याला अजून शब्द म्हणता येत नव्हतं.

शुक्रवारी अष्टेकर ठरवल्याप्रमाणे, बस सुटायच्या आधी, माळवंडीच्या बसस्थानकावर हजर होते. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आरोही ट्रंक आणि पिशवी घेऊन दारापाशी उभी होती, बोट पुन्हा पुन्हा सलवारीला पुसत होती.

"काका, बरं झालं आलात. हे दार काय म्हणून राहिलं बघा ना. माझ्या नावावर पुस्तक आहे म्हणे."

"दे इकडे. मी घेतो, म्हणजे झालं." त्यांनी कव्हर उतरवून पुस्तक धरलं आणि पानभर वाचलं. फोन गप्प. आणखी एक पान वाचलं. मग फोनवर बारीक अक्षरं आली : 'वाचक धारकाच्या ओळखीचे आहेत.'

त्यांनी घाईघाईनं तिचा नंबर पुसला, तिला आपला पुसायला लावला आणि तांबोळी मॅडमना फोन केला.

"पुसून उपयोग नाही सर," मॅडमचा आवाज आला. "ओळख एकदा झाली की झाली. लोक नंबर पुसून पुस्तकं फिरवायला लागले होते, आठवतं? तुम्हीच म्हणालात, ही पळवाट बुजवा."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अष्टेकरांनी सांगितलं. आरोहीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे बाकावर मला वाचायला लावलं," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

अष्टेकर पुस्तकाची हळदी कड अंगठ्यानं पुसत राहिले.

"मला वाटलं, तुम्हाला आवडून राहिलंय."

बस सुटायला थोडाच अवकाश होता. सबनीस आजी आणि हे काका सोडले, तर तिच्या फोनमध्ये माळवंडीतलं कुणी कधी नव्हतंच. तिला अख्खं गाव अनोळखी होतं. अष्टेकर पुस्तक घेऊन रांगेतून फिरले.

"संजय, घेतोस का रे? पोरीची जागा जाईल."

"वाचायला सवड नाही, अध्यक्ष," संजय टेलर दात न दाखवता हसला. "परवा मेव्हणा यायचाय. लग्नाचा आहेर द्यायचा राहिलाय ना."

दुसऱ्यानं पाठदुखी सांगितली, तिसऱ्यानं मोतीबिंदू. एक बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं असतं तर समजून घेतलं असतं हो. ही कोण?" बाकावरची पुस्तकं रांगेनं बसलेली होती आणि गावानं खिशात हात घातले होते. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारं हे गाव. पण हा पाहुणचार बोटांवर बेतणारा होता.

तेवढ्यात शर्वरी मोटार लावून आत आली. ती नवऱ्याला घरी न्यायला आली होती. ट्रंक, रडू आवरणारी मुलगी आणि हातात पुस्तक घेऊन दारोदार फिरणारा नवरा, एवढं पाहून तिला फारसं विचारावं लागलं नाही. विचारलं ते एकच.

"ठराव केलात त्या दिवशी मी सभेत होते का?"

"नव्हतीस."

"तरीच." तिनं त्यांच्या हातातून पुस्तक घेऊन मुलीच्या हातात दिलं आणि मग तिच्याकडून मागून घेतलं, नीट, हळदीकुंकवाचं वाण घ्यावं तसं. बाकावरची चार पुस्तकं बाजूला सारून ती बसली आणि वाचायला लागली.

"शर्वरी, अगं, आपल्या ऋजुताचं बाळंतपण..." अष्टेकर पुढे सरकले.

"पानभर वाचू द्या. मधे बोललात तर पुन्हा वरून वाचावं लागेल."

बसच्या दारानं लाल दिवा मालवला. आरोहीनं ट्रंक उचलली, पुन्हा ठेवली. "काकू, तुम्ही कशा सुटणार? तुम्हाला तर सगळं गाव ओळखतं. तुमचा नंबर द्या, मी तिकडून कुणाला तरी पाठवते."

"नको, नंबर नको!" शर्वरी जवळजवळ ओरडली, आणि मग हसली. "नावही नको सांगूस. जा बघू. तुझी ती पुढची मुलगी वाट बघत असेल."

मुलगी गेली. खिडकीतून तिनं हात केला तो शर्वरीला. अष्टेकरांकडे तिनं पाहिलंच नाही, आणि त्यांनी तशी अपेक्षाही केली नव्हती.

तेव्हा आता जमाखर्च असा. अष्टेकरांना बहिणीची शेवटची रागावणी मिळाली. मालूताईला तिचा बाळू मिळाला. आरोहीची जागा राहिली. जगात ज्यांना आवडीनं वाचून दाखवावं अशी माणसं तेवढी तिच्या हिशेबात एकानं कमी झाली. 'वाचतं गाव' हा फलक माळवंडीला बहुतेक मिळेलच, कारण नोंदीप्रमाणे गावाबाहेर एकही पुस्तक गेलेलं नाही.

आणि बेंगळुरूत ऋजुता आहे, अष्टेकरांची एकुलती एक मुलगी. तिला पुढच्या महिन्यात दिवस भरतात. पहिली खेप, नवरा बोटीवर, सासू नाही. आई येणार म्हणून तिनं पलंग खिडकीकडे सरकवून घेतला आहे. सभा आहे पावसाळ्यानंतर, आणि तोवर पुस्तक शर्वरीच्या नावावर. ऋजुता कधी सभेला नव्हती, तिनं कसला ठराव केला नव्हता, त्या पुस्तकाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आणि सगळी वजाबाकी खाली उतरत उतरत नेमकी तिच्याच नावापाशी येऊन थांबली होती.

घरी आल्यावर दोघं समोरासमोर बसली. मधे टेबलावर फोन होता. ऋजुताला हे सांगायचं कुणी?